ललिता पवार : आपल्या गावच्या बायांनी जिच्या नावानं बोटं मोडली, तिच्याबद्दल

पऱ्हाटी

ललिता पवारांवर इथे एकही धागा सापडला नाही म्हणून मीच काढतेय. मधुबाला, नर्गिस, मीनाकुमारी यांच्यावर भरभरून लिहिलं जातं, आणि ज्या मराठी बाईनं मूकपटापासून टीव्ही सिरियलपर्यंत जवळपास सत्तर वर्षं काम केलं तिचं नाव काढलं की लोकांना एकच आठवतं, खाष्ट सासू. आमच्या दारव्ह्याकडच्या गावांत तर विचारूच नका. नव्या सुनेची सासू जरा कडक निघाली की शेजारणी म्हणणार, 'ललिता पवारच आली हिच्या नशिबी'. मी पण हेच ऐकत मोठी झाले. आता त्यांचे जुने सिनेमे मोबाइलवर एकेक करून पाहतेय आणि पाहता पाहता जीव अडकत गेला, या बाईला आपण किती कमी ओळखतो असं वाटायला लागलं.

जन्म 18 एप्रिल 1916 चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. मूळ नाव अंबा, वडील लक्ष्मणराव सगुण, त्यांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार. घर जुन्या वळणाचं. त्या काळात असल्या घरातली मुलगी सिनेमात जाते म्हणजे काय बोलणी खाल्ली असतील विचार करा. 1928 मध्ये, म्हणजे बाराव्या वर्षी, 'राजा हरिश्चंद्र' नावाच्या मूकपटात पहिल्यांदा काम केलं (फाळक्यांचा 1913 चा तो वेगळा, हा नंतरचा). पुढे मूकपटांत नायिका झाल्या, पौराणिक, स्टंट, जे येईल ते केलं. 1932 च्या 'कैलाश' या मूकपटात तर काम करून वर निर्मितीतही वाटा घेतला. सोळा वर्षांची पोर! आमच्याकडे सोळाव्या वर्षी मुलीला स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडायचं म्हटलं तरी घरात सभा भरते.

बोलपट आला तेव्हा अनेकांचं काम गेलं कारण बोलणं जमेना, गाणं जमेना. यांना दोन्ही जमत होतं. तेव्हा प्लेबॅक रुजलेला नव्हता, नायिकेनं स्वतः गायचं अशी रीत, आणि त्या गात. 1935 च्या 'हिम्मत-ए-मर्दां'मध्ये त्या गाणाऱ्या देखण्या नायिका आहेत. 1938 मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपटही त्यांनीच काढला, टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून.

मग 1942. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग. सीनमध्ये नट भगवानदादांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला, तोंडाच्या डाव्या बाजूची हालचाल गेली, डाव्या डोळ्यात दोष राहिला तो कायमचाच. पुढे काही वर्षं उपचार झाले. नायिका म्हणून दारं बंद. वय किती, तर सव्वीस.

इथून पुढचं मला खरं बोलायचं आहे. आपल्याला जी ललिता पवार माहीत आहे ती सगळी या थपडेच्या नंतरची आहे. बाईचं अर्धं आयुष्य आपण पाहिलंच नाही, आणि जे पाहिलं त्यातलं पण फक्त सासूपण लक्षात ठेवलं. तुमच्या घरी, गावात त्यांच्याबद्दल काय बोलायचे, काय आठवतं, लिहा सगळ्यांनी.

मास्तर_दर्यापूर

चांगला विषय काढला ताई. थोडं मागचं सांगतो म्हणजे 1928 मध्ये मुलीनं कॅमेऱ्यासमोर उभं राहणं काय होतं ते कळेल. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती कोण होती, तर साळुंके नावाचा पुरुष, जो आधी हॉटेलात स्वयंपाकी होता. फाळक्यांनी बायका शोधल्या पण कोणी तयार होईना. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई या दोघी आल्या, आई पार्वती आणि मुलगी मोहिनी. ही कमळाबाई म्हणजे कमळाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. यांनी वाट काढली तेव्हा कुठे पंधरा वर्षांनी येवल्याची पोर त्या वाटेवरून गेली.

आणि आपल्याला यात नवल वाटायला नको. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दंडार या लोकनाट्यात पोरंच लुगडं नेसून नाचायची, बाईनं रंग लावून चारचौघांत उभं राहायचं ही गोष्ट गावाला पचायची नाही. माझे वडील सांगायचे, लुगडं नेसलेल्या पोराचं सगळे कौतुक करत पण खऱ्या बाईनं तेच केलं असतं तर तिच्या घराशी रोटीबेटी तुटली असती.

मूकपटांबद्दल अजून एक. पडद्यावर मधेमधे पाट्या यायच्या, तीन-चार भाषांत एकाच पाटीवर मजकूर. वाचता येणारे कमी. मग थेटरात कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. अशा प्रेक्षकांना चेहऱ्यावरूनच सगळं कळलं पाहिजे. ललिताबाईंचं शिक्षण त्या शाळेत झालं. नंतर चेहऱ्याची एक बाजू गेली तरी दुसऱ्या बाजूनं जे बोलायच्या ते तिथूनच आलेलं आहे असं माझं पक्कं मत आहे.

सांबारवडी

माह्या आजीची गोष्ट सांगतो. आमच्या इकडं जत्रेत टुरिंग टॉकीज यायची, तंबूतला सिनेमा. मधात कनात, इकडं बाया, तिकडं मानसं. मशीन मधातच घरघरत बसलेली, रीळ तुटलं की पोट्टे शिट्ट्या मारत. आजी आन तिच्या सोबतीनी दिवसभर वावरात कापूस वेचून, भाकर बांधून संध्याकाळी पायी पायी जात. तिनं व्ही. शांतारामचा 'दहेज' पाह्यला होता. 1950 चा पिच्चर, आमच्या जत्रेत यायले मातर लय उशीर लागला असंन. त्यात ललिता पवार सासू हाय, हुंड्यासाठी सुनेले छळते. आजी सांगे, बायांच्या बाजूनं सगळ्या बायका एकसाथ बोटं मोडत, 'तुह्यं वाटोळं होवो' म्हणत, आन काही जनी हमसून हमसून रडत. वापस येतांना रस्त्यानं कोनी बोलेना.

मी इचारलं, येवढं काहून रडत? आजी म्हणे, 'बापा, घरी रडता येत नव्हतं.'

मले वाटते ही गोष्ट कोनी लिहून ठेवली पाह्यजे. ललिता पवारवर जो राग काढला तो तिच्यावरचा नव्हताच. घरच्या सासूले काही म्हनता येत नव्हतं, मंग पडद्यावरच्या सासूले म्हटलं.

पऱ्हाटी

@सांबारवडी तुमच्या आजीचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. अगदी हेच.

आणि ती सासू सिनेमानं आणलेली नाहीच मुळी. आपल्याकडे भुलाबाईची गाणी म्हणतात ना भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, त्यात काय आहे? सासू माहेरी जाऊ देत नाही, एक काम झालं की दुसरं सांगते. जात्यावरच्या ओव्यांत पण तीच. शेकडो वर्षं आपल्या बायांनी ती सासू गाण्यात बांधून ठेवली होती, तिला चेहरा नव्हता. ललिता पवारांनी तो दिला. त्या पडद्यावर आल्या की बायांना वाटायचं हिला तर आपण ओळखतो. म्हणून तर इतका राग.

बैलबंडी

मला एक कळत नाही, भगवानदादांना कोणी काही बोललं का नाही? एका बाईचा चेहरा बिघडवला, डोळा गेला, नायिकेची लाइन संपली आणि हे पुढे 'अलबेला' काढून मोठे झाले. राग येतो वाचून.

धनश्री_परतवाडा

@बैलबंडी राग समजू शकते पण थोडं थांबा. तो सीनमधला अपघात होता, मुद्दाम कोणी केलं नाही. त्या काळी स्टंटचे सिनेमे कसे बनायचे बघा, कमी पैसा, मारामारी खरीखुरी, फाइट मास्टर नाही, शॉट एकदाच मिळाला पाहिजे कारण फिल्म महाग. थप्पड कशी मारायची, कॅमेऱ्याचा कोन कुठे, चेहरा कधी फिरवायचा हे शिकवणारं कोणी नव्हतं. दोष द्यायचाच तर त्या पद्धतीला द्या.

आणि भगवानदादा आपल्या अमरावतीत जन्मलेले, 1913 चा जन्म, गिरणी कामगाराचा मुलगा. 'अलबेला' 1951 मध्ये तुफान चालला, नंतर सगळं गेलं, शेवटी चाळीत राहिले. त्यांना खलनायक करून ललिताबाई मोठ्या होत नाहीत. त्या त्यांच्या कामानंच मोठ्या आहेत.

बैलबंडी

ठीक आहे, माणूस म्हणून त्यांना सोडलं. पण जखम कामावर झाली आणि किंमत बाईनं एकटीनं मोजली हे तर खरं आहे ना. आमच्या गावातल्या एका काकूंची जिनिंगमध्ये दोन बोटं गेली, रुई ओढणाऱ्या मशीनमध्ये. चार महिने घरी होत्या, मग परत तिथेच, उरलेल्या बोटांनी सरकी भरायला. ललिता पवारांचं वाचलं तेव्हा पहिले त्याच आठवल्या. अपघात झाला म्हणून आपण त्याला मोठेपणाची गोष्ट करून सांगतो, पण तिला दुसरा इलाज काय होता? घर बसणं एवढाच.

धनश्री_परतवाडा

हे मात्र शंभर टक्के मान्य.

मास्तर_दर्यापूर

दोघांचंही पटलं. मी एवढंच जोडतो की परत येणं म्हणजे नुसतं मिळेल ते करणं नव्हतं. 1944 चा प्रभातचा 'रामशास्त्री' पाहा. गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिताबाई आनंदीबाई. 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई आपल्याला शाळेपासून माहीत आहे. ती नुसती दुष्ट बाई दाखवणं सोपं होतं. यांनी तिच्यात महत्त्वाकांक्षा दाखवली, नवऱ्याच्या दुबळेपणाची चीड दाखवली. थपडेनंतर दोनच वर्षांनी आलेला हा सिनेमा आहे हे लक्षात घ्या.

दरबारी, कारस्थानी बायका, कडक आया, मालकिणी, आत्या, मावश्या, सगळ्यांचा साचा इथून सुरू झाला. सातशेच्या आसपास सिनेमे केले असं सांगतात. त्यात पुष्कळ काम एकसारखं असणारच, पोटासाठी केलेलं असणार. पण दर थोड्या वर्षांनी एखादी अशी भूमिका येते की माणूस उठून बसतो.

पऱ्हाटी

मास्तरांनी म्हटलं तसं उठून बसवणाऱ्या दोन-तीन भूमिका मला इथे नीट सांगायच्या आहेत.

'श्री 420' (1955) मधली केळीवाली गंगामाई. राज कपूर मुंबईत नवा आलाय, खिशात काही नाही, आणि रस्त्यावर केळी विकणाऱ्या बाईशी भावावरून घासाघीस करतो. तिचं बसणं बघा, एक पाय दुमडलेला, पदर खोचलेला, हात केळ्यांवर. आमच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायांचं बसणं अगदी तसंच असतं, एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक टोपलीवर. ती त्याला फटकारते आणि त्याच तोंडानं माया करते. आणि तोच पुढे गरिबांना शंभर रुपयांत घर देतो म्हणून सांगायला लागतो तेव्हा विश्वास ठेवणारे लोक हेच, फुटपाथवरचे. ते पाहताना पोटात कालवतं.

'अनाडी' (1959), हृषीकेश मुखर्जींचा. मिसेस डिसा. ख्रिश्चन घरमालकीण, फ्रॉक घातलेली, राज कपूर तिचा भाडेकरू. दिवसभर त्याच्यावर ओरडणार, भाडं कुठाय, काम कुठाय, आणि तो उपाशी आहे कळलं की ताट वाढणार, तेही असं की त्याला उपकार वाटू नये. तापाचं औषध म्हणून तिनं जे घेतलं त्यात विष निघालं, मोठ्या कंपनीचं औषध, आणि त्यातच ती जाते. त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, सहायक अभिनेत्रीचं. मला त्यातली एक गोष्ट सारखी दिसते. रागावताना त्या मान अशी वळवतात की तो बारीक झालेला डोळा आपल्या समोर येतो. आणि माया करतात तेव्हा मान उलटी फिरते, चांगला डोळा पुढे. दोन-तीनदा मागे-पुढे करून पाहिलं मी. जे डोळ्याचं अपंगत्व होतं त्याचं त्यांनी हत्यार केलं.

'प्रोफेसर' (1962) पाहिलाय कोणी? शम्मी कपूर नोकरीसाठी खोटी दाढी लावून म्हातारा प्रोफेसर होतो आणि घरातली कडक बाई, म्हणजे ललिता पवार, त्या म्हाताऱ्यावर जीव लावते. लोक हसतात त्यावर. पण आयुष्यभर कोणी विचारलं नाही अशी बाई आरशासमोर केस नीट करते, जरा बरी साडी काढते, तेव्हा मला अजिबात हसू आलं नाही. आपल्याकडे तरुणपणी विधवा झालेल्या किती आत्या-मावश्या घराघरात अशाच राबल्या, त्यांना कुणी असं आरशासमोर पाहिलंय का?

झाडीचा_पाहुणा

रामायणाबद्दल कोणी नाही लिहिलं अजून म्हणून लिहितो. जानेवारी 1987 ला सुरू झालं, रविवारी सकाळी. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, गावात टीव्ही एका घरी, ब्लॅक अँड व्हाइट, कौलावर अँटिना. लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायचे. टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे, पायताण अंगणात काढून यायचे. ओसरीत बाया, अंगणात माणसं, खिडकीत पोट्टे.

मंथरा आली तेव्हा सगळं घर गप्प. कुबड, काठी, आणि ते कैकेयीच्या कानाशी लागणं. कैकेयी पद्मा खन्ना होती. मंथरा काही आरडाओरडा करत नाही, हळू हळू बोलते, प्रेमानं बोलते, तुझंच भलं सांगतेय असं बोलते. आमच्या आजोबांनी तेव्हा एकच म्हटलं, 'घर मोडणारं माणूस असंच बोलते.' दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तोच विषय होता म्हणतात. त्या वेळी बाई सत्तरीच्या होत्या. पहिल्यांदाच मंथरा केली आणि इतकी केली!

मास्तर_दर्यापूर

मंथरा त्यांनी आधीही केली होती, 1961 च्या 'संपूर्ण रामायण' सिनेमात. त्यामुळे सिरियलमध्ये त्यांनाच घेतलं यात काही नवल नाही. पण दोन्हींत फरक आहे. सिनेमातली मंथरा धारदार, सिरियलमधली थकलेली आणि म्हणून जास्त भीतीदायक. ज्या वर्षी ही पहिली मंथरा, त्याच वर्षी 'जंगली'मध्ये हसायला बंदी करणारी आई, त्याच वर्षी 'हम दोनों'मध्ये देव आनंदची आई. आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही 1961 चाच. एका वर्षात तीन प्रकारच्या बायका, एकीचा आवाज दुसरीला लागत नाही.

सांबारवडी

मास्तर तुम्ही येवढं कुठून आनता जी!

एक इचारतो. फाळके पुरस्कार भेटला का बाईले?

धनश्री_परतवाडा

नाही भेटला. दुर्गा खोटेंना मिळाला, 1983 चा, आणि तो योग्यच होता. 'अयोध्येचा राजा' 1932 चा, पहिला मराठी बोलपट, त्यातली तारामती त्या, प्रतिष्ठित घरातली बाई सिनेमात आली म्हणून केवढी चर्चा झाली, पुढे 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण दोघींना शेजारी ठेवलं की मला एक वाटतं. दुर्गाबाईंना राणी, राजमाता मिळाल्या, लोक उठून नमस्कार करत. ललिताबाईंना मंथरा मिळाली, केळीवाली मिळाली, घरमालकीण मिळाली. जिचं लोकांनी नाव टाकलं तिला पुरस्कार देताना पण हात आखडतो की काय कोण जाणे. माझ्या मते फाळके त्यांना मिळायलाच हवा होता.

त्यांचं जाणंही मनाला लागतं. फेब्रुवारी 1998, पुण्यात औंधला, घरी एकट्या असताना गेल्या. नवरा तेव्हा दवाखान्यात होता. ज्यांना देशातला प्रत्येक माणूस चेहऱ्यानं ओळखायचा त्या बाई.

बैलबंडी

हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

पऱ्हाटी

मला पण ते वाचून फार लागलं होतं म्हणून वर लिहिलं नाही.

एक काम करूया का? आमच्या गावात कोजागिरीला भुलाबाई बसतात तिथे बाया रात्री जागतात, दूध आटवतात, गाणी म्हणतात. यंदा शाळेचा प्रोजेक्टर मागून तिथे 'अनाडी' लावायचा माझा विचार आहे. मुख्याध्यापकांशी बोलले, हो म्हणालेत. म्हाताऱ्या बायांना हिंदी जरा कमी कळतं तर मधे मधे मी सांगेन काय चाललंय ते. त्यांनी या बाईला सासू म्हणून पाहिलंय, मंथरा म्हणून पाहिलंय, मिसेस डिसा बहुतेकींनी पाहिलेली नाही.

सांबारवडी

लावा लावा. आमच्या इकडं बी लावतो मंग. फक्त 'अनाडी' लांब हाय, पोट्टे झोपी जातीन, दूध पहिले वाटून टाका. आन आजी आता नव्वदीची हाय, तिले समोर खुर्ची टाकून बसवतो, 'दहेज'वाली बाई हाय हे आधी सांगत नाही, वळखते का पाहू.

मास्तर_दर्यापूर

प्रिंट चांगली पाहून घ्या, काही ठिकाणी कापलेली असते, मिसेस डिसाचे सीन त्यातच जातात. आणि स्पीकर वेगळा लावा, प्रोजेक्टरचा आवाज अंगणात पुरत नाही.